शेवटचे चाळीस बंपर

निवृत्तीआबांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका परक्या माणसाच्या मोटारीसमोर उकिडवे बसले होते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला रस्ता, सकाळचे पावणेनऊ. मला वाटलं, बंपरमध्ये पाहून मिशी नीट करत असतील. मी म्हटलं, "जरा बाजूला होता का?" मान न वळवता ते म्हणाले, "बाई, इकडं या. ही तार बघा."

बंपरमध्ये डोक्यावरच्या विजेच्या तारेचं प्रतिबिंब पडलं होतं. "सरळ दिसती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दिसते. "नीट बघा. मधोमध पोटात कळ आल्यागत वाकलीय. पॉलिशवाल्यानं घाई केली. वरचं क्रोम काय करणार बिचारं?" एवढ्यात मोटारीचे मालक ओरडत आले. आबा उठले आणि नम्रपणे म्हणाले, "गाडी झकास हाय साहेब. फक्त बंपर कुणी केला ते कुणाला सांगू नका." पाच मिनिटांनी मी माझ्या नव्या नोकरीच्या, धातूवर मुलामा चढवायच्या शेडमध्ये शिरले, तर हेच गृहस्थ रबरी एप्रन बांधून टाकीपाशी उभे होते.

नातवंडांनो, तुमच्या नव्या गाडीचे फोटो मिळाले. गाडी छान आहे, पण पुढूनमागून सगळी एकाच रंगाची. चकाकणारी एक रेघही नाही. काय असेल ती कंपनीची चंदेरी खूण, आणि तीही प्लास्टिकचीच, असं तुमचे बाबा सांगतात. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण पूर्वी मोटारीचा बंपर, दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी, खिडकीखालची पट्टी हे सगळं पोलादाचं किंवा पितळेचं असे आणि आरशासारखं झळके. ती झळाळी कुणीतरी हातांनी चढवलेली असे. आमच्या नाशकात ते हात निवृत्तीआबांचे होते. म्हणून त्यांच्याविषयी लिहून ठेवते आहे.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत आणि नंतर रसायनशास्त्राची पदवी. तुमचे बाबा कॉलेजात गेले आणि घरात मला दुपार मोठी वाटू लागली, तेव्हा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ही नोकरी धरली. काम सोपं होतं. टाक्यांमधली द्रावणं रोज तपासायची आणि काय कमी-जास्त झालं ते सांगायचं. मी आल्याबरोबर बाटल्यांना लेबलं लावली, वह्यांना कव्हरं घातली, भिंतीवर सुवाच्य इंग्रजीत तक्ता टांगला. आबा तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अक्षर फार सुंदर हाय." तक्ता कुणालाही वाचता येत नाही, हे मला कळायला फार वर्षं लागली. ती हकीकत पुढे येईलच.

आबा मूळचे नामपूरचे. तिथली कांद्याची शेती सोडून नाशकात आले आणि तीस वर्षं टाकीपाशी उभे राहिले. एरवी गावाकडचं मराठी बोलत, पण आनंद झाला की राग आला की अहिराणी बाहेर येई. काम पसंत पडलं की म्हणत, "भारी शे!" मग तो नग खोक्यात जाई. "नई शे," म्हणाले की तो परत पहिल्या टाकीकडे. मध्ये तिसरा शेरा नव्हता. आमचे शेठ स्वतः मालक, पण तेही आबांच्या तोंडाकडे बघत उभे राहत.

नवीन कामगाराला ते एकच धडा देत. पोलादावर आधी तांबं चढतं, मग निकेल, सगळ्यात वर क्रोमचा पातळसा थर. "तांबं म्हणजे हाडं. निकेल म्हणजे चेहरा. क्रोम म्हणजे नुसती पावडर. आणि दुनिया पावडरीला नमस्कार घालती!" मी पुस्तकात चार पानं वाचून जे शिकले होते, ते या तीन वाक्यांत बसत होतं. मी कौतुक केलं, तर म्हणाले, "तुमच्या पुस्तकाला सांगा मग."

या कामाची एक बाजू चांगली नव्हती, तीही सांगते. क्रोमच्या टाकीची वाफ विषारी असते. आबांचं नाक आतून त्या वाफेनं खाल्लं होतं. त्यांना कसलाच वास येत नसे. "केवडा न् रॉकेल, मला दोन्ही सारखंच," म्हणून हसत. मी मास्क सक्तीचे केले, तेव्हा तरुण मंडळी कुरकुरली. आबांनी सर्वांत आधी मास्क चढवला आणि दरडावलं, "माझं गेलं. तुमचं हाय तवर झाका." त्यानंतर कुणी कुरकुरलं नाही.

मग काळ बदलला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एक दिवस मोटार कंपनीचा माणूस नव्या गाडीचा बंपर घेऊन आला. प्लास्टिकचा, गाडीच्याच रंगाचा. आबांनी त्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं.

"हे कशाचं झाकण म्हणायचं?"

तो माणूस सज्जन होता. त्यानं समजावलं की हा हलका आहे, गंजत नाही, आणि कुणाला धडक बसली तर लोखंडापेक्षा कमी लागतं. आबा विचारात पडले. "माणसाला कमी लागणार असंल तर चांगलंच हाय," ते म्हणाले. "त्यात आम्ही वाईट कशाला मानू? पण आमचं काम संपलं, ते सरळ सांगा." त्यानं सरळ सांगितलं. बंद होत असलेल्या जुन्या मॉडेलसाठी, सुटे भाग म्हणून, चाळीस बंपर हवे होते. त्यानंतर आमच्याकडे बंपर येणार नव्हते.

या शेवटच्या कामासाठी मी शेड लखलखीत करायचं ठरवलं. कंपनीचा तपासनीस येणार होता. टाक्या बाहेरून धुऊन काढल्या. निकेलच्या टाकीच्या कडेला खडूच्या कसल्यातरी रेघोट्या होत्या, वर्षानुवर्षं तिथे कुणी ना कुणी ओढत असे. त्या मी स्वतःच्या हातानं पुसल्या आणि वर राखाडी रंग दिला. दिसायला फार छान झालं.

निकेलच्या टाकीत रोज एकदा चकाकी आणणारं औषध मापून टाकावं लागतं. ते मी सकाळी टाकत असे आणि तक्त्यावर लिहीत असे. पण दुसऱ्या पाळीचे सलीमभाई माझा तक्ता कधीच बघत नव्हते. ते बघत होते ती खडूची रेघ. मी औषध टाकून गेले की आबा त्या दिवसाची रेघ ओढत. रेघ दिसली की सलीमभाई बाटलीला हात लावत नसत. रेघ नसली, तर आज टाकायचं राहिलं असं समजून ते टाकत. आठ वर्षं आमची टाकी माझ्या सुंदर अक्षरावर नव्हे, तर त्या रेघेवर चालली होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. रंग ओला म्हणून आबांनी दोन दिवस रेघ ओढली नाही. त्यांना वाटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न, सलीमभाई विचारतील. सलीमभाईंनी विचारलं नाही. दोन्ही दिवस औषध दुप्पट पडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाळीसच्या चाळीस बंपर लाकडी घोड्यांवर मांडलेले होते. इतके झगझगत होते की डोळे दिपावेत. शेठ खूश. "ताई, टेम्पो सांगतो," म्हणाले. आबा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि "भारी शे" काही म्हणाले नाहीत.

"एवढं का चमकतंय?" ते म्हणाले.

टाकीत नगांचा प्रत्येक घाणा सोडताना ते तपासायला पितळेची एक पातळ पट्टीही सोडत. तशी एक पट्टी त्यांनी उचलली आणि दोन्ही हातांनी वाकवली. कट्ट असा आवाज झाला आणि वरचं निकेल पापुद्र्यासारखं उडालं. औषध जास्त झालं की असंच होतं. रूप वाढतं, पण अंग ठिसूळ होतं. त्यांनी दुसरी पट्टी वाकवली, तिसरी वाकवली. सगळ्यांचं तेच.

माल पुरा करायला सलीमभाई रात्रभर थांबले होते, आबा त्यांच्याकडे वळले. सलीमभाई टाकीकडे बोट दाखवत म्हणाले, "आबा, लकीर नहीं थी, तो मैंने डाल दिया." आबांनी ताज्या रंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एका क्षणात मला सगळं उमगलं. मी म्हटलं, "शेठ, चूक माझी आहे. रेघ मी पुसली."

"चूक कुणाची ते मागनं बघू," आबा म्हणाले. "आधी बंपर उतरवा. सगळे."

शेठ हबकले. "आबा, अहो मॉडेल बंद झालंय! हे सुटे भाग. गोदामात पडतील, कुणी बघणार पण नाही. ताई, तुम्ही सांगा, सहा महिने तर टिकतील ना?"

मी खरं ते सांगितलं. "सहा महिने टिकतील. एक पावसाळा गेल्यावर मी काही सांगू शकत नाही."

"बघा, सहा महिने! तोवर कोण विचारतंय? उद्या माल गेला नाही तर ते पुन्हा आपल्याला उभं करणार नाहीत."

"शेठ," आबा म्हणाले, "आजवर खराब बंपर गेला असता तर गिऱ्हाइकानं बदलून नवा घेतला असता. आता नवा होणार नाही. ज्या गाडीला हा लागंल, तिला जन्मभर हाच. ती गाडी बंद व्हयनी म्हणून तिचं काम वाईट करायचं? उलट हेच काम सगळ्यात नीट पाहिजे." एवढं बोलून त्यांनी एप्रनची गाठ आवळली. शेठनी टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं, आणि कंपनीला फोन करून तीन दिवस मागून घेतले. तो फोन त्यांना सोपा गेला नाही.

ते तीन दिवस मी तपासणीच्या टेबलाशी बसले नाही. साडीवर रबरी एप्रन बांधला, गमबूट चढवले आणि धुण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. जुना थर तेजाबात उतरवायचा, नग पुन्हा घासायचा, मग तांबं, निकेल, क्रोम, आणि प्रत्येक दोन टाक्यांच्या मध्ये पाण्यात धुणं. सलीमभाई म्हणाले, "मॅडम, अब अपना नंबर कारीगर में लगा लो." मी प्रत्येक बंपर शास्त्रशुद्ध रीतीनं पाच-पाच मिनिटं धूत होते. आबा ओरडले, "बाई, धुवा! न्हाऊ घालू नका, तिकडं निकेल वाट बघतंय!" इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी असं ओरडलं नव्हतं. मला ते बोलणं आवडलं.

चौथ्या दिवशी तपासनीस आला. दोन बंपर पाहिले आणि शिक्का काढला. आबांनी शिक्क्यावर हात ठेवला. "अडतीस राह्यले."

"आबा, मला मुंबईची गाडी पकडायचीय."

"पुढची पकडा, साहेब. गाड्या येत राहत्यात. हे बंपर पुन्हा येणार नाहीत."

तो माणूस हसला, पण थांबला. चाळीसही पाहिले. आबा प्रत्येकापाशी उभे राहून पट्टी वाकवत होते, आणि एकाही पट्टीनं आवाज केला नाही. शेवटच्या बंपरला त्यांनी स्वतः फडकं लावलं आणि मोठ्यानं म्हणाले, "भारी शे!" शेडमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठनीसुद्धा.

त्यानंतर शेठनी मोटारींना वरून लावायच्या शोभेच्या पट्ट्यांचं काम आणलं. निकेल नावापुरतं आणि वर क्रोमची चमक, म्हणजे आबांच्या भाषेत चेहराच नाही, नुसती पावडर. आबांनी भांडण केलं नाही. म्हणाले, "शेठ, तुमच्या जागी तुमचं बरोबर. शेड चालवायची हाय. पण हे हात त्याला वळणार नाहीत." महिन्याभरात ते नामपूरला परत गेले. मी त्यांना एस.टी.वर पोचवायला गेले होते. खिडकीतून म्हणाले, "टाकीची रेघ सांभाळा." शेठनी पातळ क्रोमचं काम वर्षभर केलं आणि मग स्वतःच बंद केलं. कुणी माल पाहायला आलं की मान खाली जाते, म्हणाले. पुढे त्या शेडमध्ये रंगाची भट्टी बसली.

आबा दोन हजार सहाच्या सुमारास गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला. मी आणि सलीमभाई नामपूरला जाऊन आलो.

आता एक शेवटचं. चाळीस बंपर ज्या दिवशी रवाना झाले, त्या दिवशी मी माझ्या सवयीनं त्या मालाची एक फाइल उघडली होती. आमच्याकडे प्रत्येक मालाची असे. रस्त्यावर गेल्यावर गंज चढला, पापुद्रा निघाला, डाग पडला, की कंपनीचं पत्र येई आणि ते तिथे लावलं जाई. चांगल्या चांगल्या मालाच्या फायलीत दोन-चार पत्रं असायचीच. नोकरी सोडेपर्यंत मी रोजचं टपाल पाहत होते. नंतरही शेठना मधूनमधून विचारत होते. नोकरी सोडताना मी ती फाइल मागून घेतली. ती माझ्या कपाटात वरून दुसऱ्या खणात, तुमच्या बाबांच्या प्रमाणपत्रांशेजारी आहे. पाठीवर माझ्या अक्षरात मालाचं नाव आणि संख्या आहे, यावेळी मराठीत. आत एकही कागद नाही.