धारोष्ण दूध आणि आईची हाडं

आमच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या, पण दूध कधी आमच्या वाट्याला आलं नाही. सगळं डेअरीला जायचं. आई-बाबा दुसऱ्याच्या उसात राबायचे आणि आम्ही कोऱ्या चहात भाकरी बुडवून शाळेला पळायचो. त्यातनं मी बी.एस्सी. झाले. घरातली पहिली पदवीधर! हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

मला नोकरी लागली, चार बरे दिवस आले, आणि आईला सारकॉइडोसिस निघाला. फुप्फुसात बारीक गाठी धरणारा आजार. स्टेरॉइड सुरू झालं. त्यानं हाडं ठिसूळ होतात हे कळल्यावर बाबांनी धसकाच घेतला. त्यात तपासणीत व्हिटॅमिन डी कमी दिसलं. मग काय! घरच्या म्हशी तर कधीच विकल्या होत्या, म्हणून बाबा रोज संध्याकाळी आईला गाडीवर बसवून दूध कट्ट्यावर न्यायचे. तिथं समोरच म्हशीची धार काढून फेसाळ पेला हातात देतात.

"पी गं. जल्मभर दुसऱ्यास्नी पाजलंस."

शिवाय शेजारणीनं सुचवलेली व्हिटॅमिन डीची पावडर, आणि सकाळी अंगणात ऊन.

थोड्याच दिवसांत आई तांब्यावर तांब्या पाणी प्यायला लागली. जेवण नको, पोट साफ नाही, बोलता बोलता विसरायची.

"बाबा, डॉक्टरना न विचारता पावडर कशाला दिली?"

"बी.एस्सी. झालीस म्हंजे डाक्टर झालीस व्हय?"

"न्हाई झाले, म्हणून तर डॉक्टरांकडं चला म्हणते की!"

रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, "या आजारात त्या गाठीच व्हिटॅमिन डीचं काम करणारं रूप बनवत बसतात, आणि त्यानं रक्तातलं कॅल्शियम चढतं. एका तपासणीत साठा कमी दिसला, तरी त्या दुसऱ्या रूपाची आणि कॅल्शियमची तपासणी केल्याशिवाय वरून काही द्यायचं नाही."

पावडर बंद, उन्हात बसणं बंद, दूध बेतानं. बाबांचा चेहरा एवढासा झाला. सलाइन लावलेली आई म्हणाली, "अवं, आदी थेंब दिला न्हाईसा, आन् आता आख्खी म्हस पाजाय निगालासा!" अख्खा वॉर्ड हसला.

कट्ट्यावर ती दोघं अजून जातात. आई दोन घोट घेते, उरलेला पेला बाबा संपवतात. पोट त्यांचं सुटलंय.

स्टेरॉइडची मात्रा कमी झाली, कॅल्शियम जागेवर आलं. हाडांच्या तपासणीत नवी झीज निघाली नाही. आई कठडा न धरता गच्चीवर चढते.