अर्थिंगले काय लागते

‘अर्थिंगले काय लागते, सर? बारीक वायर बी चालते.’ हे वाक्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणणारा माणूस समुद्रपुरात घरांची लाइट फिटिंग करायचा आणि अलीकडे गाड्यांत टेपही बसवू लागला होता. त्याच्यावर मी चिडलोच. पण सगळा राग त्याच्या एकट्याच्या नावावर टाकला तर ते खोटं होईल.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीभर इंजिन डाव्या अंगाला धडधडत होतं. रिटायर झाले तेव्हा डावा कान गेल्यातच जमा होता आणि उजवाही त्याच वाटेला लागला होता. कानात यंत्र घालायला तयार नाहीत, शिट्टी वाजते म्हणायचे. त्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. दर आठवड्याला व्यायामासाठी वर्ध्याला न्यावं लागे आणि पाय लांब करता यावा म्हणून ते मागच्या सीटवर बसत. भीमगीतं म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण मोठ्यानं वाजली तरच पोचायची. म्हणून मी डिकीत आवाज वाढवणारा अ‍ॅम्प बसवून घेतला आणि मागचे दोन स्पीकर त्यावर जोडले. पुढचे थेट टेपवर होते, ते तसेच राहू दिले.

पहिल्या खेपेला हिंगणघाटपर्यंत बाबा खुशीत होते. मग म्हणाले, “बंद काऊन केलं?”

माझ्यापुढे गाणं झकास वाजत होतं. “चालू तं आहे, बाबा.”

“मले नाई येऊन राह्यलं आयकू.”

मी आवाज वाढवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा पारा चढला. “गाणं चालू आहे. तुमचेच कान गेले आता. मान्य करा.”

त्यानंतर त्यांनी कधी विचारलंच नाही. आरशात पाहिलं तर गुडघ्यावर बोटानं ठेका धरलेला दिसायचा. मला वाटलं, चला, सवय झाली. दोन महिने असेच गेले.

एकदा वर्ध्यात पोचल्यावर गाडी आणि गाणं दोन्ही चालू ठेवून वॉकर काढायला डिकी उघडली. अ‍ॅम्पवरचा हिरवा दिवा लाल झालेला. फिटिंगवाल्याकडे गेलो. त्यानं गाडी बंद केली, गाणं बंद केलं आणि मीटर लावला. “बारा व्होल्ट पूर्ण आहे, सर. अ‍ॅम्पच खराब निंगला.” दुसऱ्या एका मेकॅनिकनं सांगितलं, बॅटरी बदला. ती मी मुकाट्यानं बदलली. दिवा लालच. आठवीच्या पोरांना फळ्यावर सर्किट काढून दाखवणारा विज्ञानाचा मास्तर मी, आणि दोन महाशयांच्या शब्दावर नंदीबैलासारखी मान हलवत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

रविवारी शाळेतला मीटर घरी आणला आणि या वेळी गाणं मोठ्यानं लावून मोजलं. ठेका पडला की बाराचे नऊ व्होल्ट होत, दिवा लाल होई आणि अ‍ॅम्प स्वतःच बंद पडे. बॅटरीकडून येणारी लाल वायर टोकापासून टोकापर्यंत ठीक होती. निगेटिव्हच्या बाजूला मात्र दोनाच्या वर व्होल्ट वाटेतच जिरत होते. डिकीतली मॅट उचलली. खाली घरच्या फिटिंगमधली बारीक हिरवी वायर, आणि तिचं टोक पत्रा न खरवडता सरळ रंगावर स्क्रूनं दाबलेलं.

घरातली अर्थिंग एरवी रिकामीच पडून असते. गाडीत मात्र तीच परतीची वाट. लाल वायरनं जेवढा करंट जातो तेवढा सगळा तिथूनच परतायचा असतो. हे मी फिटिंगवाल्याच्या दुकानात उभं राहून चार लोकांसमोर त्याला सुनावलं. तेव्हा तो ते अर्थिंगचं वाक्य बोलला. वर शांतपणे म्हणाला, “आन् सर, तुमी तं बाजूलेच उभे होते.”

होतो. हिरवी वायर मीच हातात धरून दिली होती.

घरी येऊन रंग खरवडला, पत्रा चमकेपर्यंत घासला आणि जाड वायर आवळायला घेतली. आवळण्याआधी मात्र एकदा जुन्याच वायरवर गाणं लावून मागच्या सीटवर जाऊन बसलो. दुसऱ्याच कडव्याला मागचे स्पीकर मुके झाले. पुढचं गाणं मागे मलाच दबकं ऐकू येत होतं, त्यांच्या कानांपर्यंत ते पोचणं शक्यच नव्हतं. बाबा ज्यावर बोटानं ठेका धरत होते ते हे. माझा मान राखायला म्हातारा माणूस दोन महिने शांततेवर ताल धरत होता, आणि मी आरशात बघून खूश होत होतो. स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. मग उतरून जाड वायर घट्ट आवळली.

पुढच्या खेपेला हिंगणघाट मागे पडलं. आरशात पाहिलं तर बाबांचं बोट गुडघ्यावर निश्चल. पुन्हा बंद पडलं की काय, म्हणून मी घाईनं आवाज वाढवायला हात नेला.

“राहू दे,” ते मागून म्हणाले. “आज वाजून राह्यलं.”