पुढची मोटार

महादेव उस्ताद मोटार चालवताना पांढराशुभ्र सदरा घालत असे. नागपूर ते मौदा या रस्त्यावर असा सदरा घालणे म्हणजे आव्हान होते. रस्ता मुरमाचा, जेमतेम एका मोटारीच्या रुंदीचा. दोन्ही बाजूंना नाली आणि बाभळी. पुढच्या मोटारीची धूळ मागच्या उतारूंच्या दाताखाली कचकचे. मौद्याला उतरल्यावर महादेवचा सदरा पांढराच दिसे. कापड त्याच्या घरच्या मागावर विणलेले असे.

दुसऱ्या महायुद्धाआधीची ही वर्षे. मी एका साप्ताहिकासाठी मौद्याच्या बाजाराचे भाव आणायला जाई आणि महादेवच्या शेजारी बसे. त्या वाटेवर दोन सर्व्हिस मोटारी होत्या. जी पुढे, तिला गावोगावचे उतारू मिळत. दुसरी मोटार झिंगरू चालवी. महादेवनेच त्याला मोटार शिकवली होती आणि आपली धाकटी बहीण वेणू दिली होती. रस्ता मात्र दिला नव्हता.

मोटारीचा मागचे दाखवणारा आरसा महादेवने स्वतःच्या हाताने काढून टाकला होता. मी कारण विचारले.

"मांगं पाहून काय करू? आपल्याले पुढं जायचं हाय."

"आणि भोंगा वाजवला तर?"

"पुढच्याले भोंगा ऐकू येत नसते, बाबूसाहेब."

झिंगरू बाजूने घुसू लागला, की महादेव आपली मोटार हळूहळू त्याच्याकडे झुकवी. घाई नाही, शिवी नाही. झिंगरूचे चाक मुरूम सोडून नालीच्या काठावर येई. मग मागे ब्रेकचा आवाज होई आणि आमच्या मोटारीतले उतारू टाळ्या पिटत. "त्याले धूळ चारा गा, उस्ताद!" महादेव मला, आणि अड्ड्यावर सगळ्यांनाच, समजावून सांगे, "दोघांतून एकाले घर आठवते. ज्याले आठवलं, तो ब्रेक दाबते. जवाईबापूले लवकर आठवते. माही बहीण गुणाची हाय."

वेणूने एकदा माझ्यासमोर त्याला अडवले होते. ती मौद्याच्या मोटार अड्ड्यावर नवऱ्याची भाकर घेऊन आली होती.

"भाऊ, आठवड्यातून एक डाव तरी त्याले पुढं जाऊ दे ना. मालक त्याले काढून टाकीन."

"काढू दे. घरी माग चालव म्हणा त्याले. तिथं कोणी मांगं नसते."

आजूबाजूचे हसले. झिंगरूही हसला, कारण सगळे हसत होते. वेणू हसली नाही. तिचे दिवस भरत आले होते.

त्यानंतर एका दुपारी आम्ही मौद्याहून नागपूरला निघालो. थोड्याच वेळात मागून भोंगा सुरू झाला. रोज झिंगरू दोनदा वाजवून थांबे. त्या दिवशी तो थांबेना.

"आज लई रडून राहिला जवाई," महादेव म्हणाला.

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "उस्ताद, हात दाखवून राहिला थो!" दुसऱ्याने त्याला गप्प केले, "दाखवू दे गा. नाटकं करते." धुळीत हाताखेरीज काही दिसत नव्हते. झिंगरूच्या मोटारीचे तोंड आमच्या मागच्या चाकापर्यंत आले. महादेव नेहमीसारखा झुकला. ब्रेकचा आवाज आला. टाळ्या पडल्या. नागपूर जवळ येईपर्यंत भोंगा मागेच वाजत राहिला. वस्ती लागण्यापूर्वी तो बंद झाला.

इतवारीच्या अड्ड्यावर झिंगरूची मोटार आली, तेव्हा तिच्यातून एकही उतारू खाली उतरेना. मागच्या बाकावर वेणू होती. दुपारी ती बाळंतपणात अडली होती आणि तो तिला दवाखान्यात नेत होता. तिच्या पापण्यांवर धूळ बसली होती. महादेव मोटारीच्या दारात उभा राहिला. झिंगरूने त्याच्याकडे पाहिले.

"आज घर गाडीतच होतं, भाऊ."

टक्कर झाली नव्हती, मोटार उलटली नव्हती. साप्ताहिकाच्या दृष्टीने ती बातमी नव्हती.

वेणूच्या तेरवीनंतर दोन्ही मोटारी पुन्हा रस्त्यावर आल्या. महादेवने पांढरा सदरा घातला होता. झिंगरू बाजूने आला. महादेव झुकला. झिंगरूचे चाक नालीच्या काठावर गेले, तरी तो सरळ येत राहिला. त्याचे तोंड मला खिडकीतून दिसले. त्यावर राग नव्हता. दोन्ही मोटारींचे पत्रे एकमेकांना घासले. बायका किंचाळल्या. त्या रस्त्यावर पहिल्यांदाच महादेवने ब्रेक दाबला.

झिंगरू पुढे गेला, आणि मग त्याने वेग कमी केला. मौद्यापर्यंत तो आमच्यापुढे तसाच, बैलगाडीच्या चालीने जात राहिला. आमचे उतारू खोकत होते. पूर्वी टाळ्या पिटणारेच आता ओरडू लागले, "काहून ढिले पडले, उस्ताद? घर आठवलं का?" त्यावर सगळे हसले.

झिंगरूने पुढे रोज हेच केले. महादेव त्याच्या मागून मोटार चालवत राहिला. सदरा पांढराच घाली. मौद्याला पोहोचेपर्यंत तो मुरमाच्या रंगाचा होई. झटकत नसे. एकदा धुळीने बेजार झालेल्या एका म्हाताऱ्याने त्याला विनवले, "वाजवा ना गा भोंगा. साइड मागा त्याले."

महादेवचा हात भोंग्याच्या रबराकडे गेला आणि परत चाकावर आला.

"पुढच्याले ऐकू येते, बाबा," तो म्हणाला. "सारं ऐकू येते."