आबांची हाळी

रत्नमालानं आबांची हाळी चोरली होती. चोरी तशी मोबाइलवर रेकॉर्डचं बटण दाबण्याएवढीच, आणि बापाच्या आवाजावर लेकीचा हक्क नाही असं कोण म्हणेल? पण आबांना ती कळता कामा नये, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

आबा म्हणजे तिचे वडील मुंजाबा, कन्नड तालुक्यातले मेंढपाळ. दोन हजार बारा साली पावसानं तोंड फिरवलं आणि पुढच्या उन्हाळ्यात माणसांनाच टँकरचं पाणी पुरेना, तिथं मेंढ्यांना कुठून पाजणार? कळप विकून बापलेक संभाजीनगरात आले, मुकुंदवाडीत राहिले. शहर चहूकडं वाढत होतं, वॉचमनच्या कामाला तोटा नव्हता. आबा एका शाळेच्या फाटकावर बसू लागले. तेव्हापासून त्यांच्यापुढं कुणी मेंढ्यांचा विषय काढला की ते उठून जात. मेंढ्यांना बोलवायची ती लांबलचक हाळी तर पुन्हा कुणी ऐकलीच नाही.

रत्नमाला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आबांच्या शाळेतले आठ जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले, तेव्हा ते मी चालू करून देते, असा शब्द तिनं हेडमास्तर नानासाहेबांना दिला. एक हलकी, फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम असते. ती मशीनमध्ये भरायची गरज नाही; पेनड्राइव्ह लावला की त्यावरूनच चालते. पण इंग्रजी मेनू पाहून गुरुजी मंडळी लांबूनच नमस्कार करणार! म्हणून तिनं आपल्या मशीनवर ती मनासारखी करून घेतली. मेनू मराठी, अक्षर ठसठशीत, नको ते प्रोग्राम काढून टाकले. मग त्या अख्ख्या सिस्टिमची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करून आठ पेनड्राइव्हवर उतरवली.

घर बदलताना माणूस सामान निवडून घेतो. इमेज करणारा प्रोग्राम निवडत बसत नाही, उंबऱ्याच्या आतलं सगळं उचलतो. रत्नमालाच्या मशीनवर सिस्टिम सुरू झाली की आबांची हाळी वाजायची, तिच्या एकटीच्या हेडफोनमध्ये. ती काढायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. क्लासमध्ये तपासून पाहिलं, तर तिथल्या मशीनना स्पीकर नव्हते. पोहणाराच बुडतो म्हणतात, ते काही खोटं नाही.

शाळेतल्या मशीनना मात्र स्पीकर होते. नानासाहेबांनी हौसेनं आठही एकदम सुरू करायला लावली. पडद्यावर मराठी उमटली, गुरुजींनी माना डोलावल्या आणि मागोमाग आठ ठिकाणांहून आबांचा आवाज उठला. आवाज बंद करायला हात पुढं करायचं भानही रत्नमालाला राहिलं नाही.

टेबलं लावायला आलेले आबा दारातच उभे होते. त्यांनी कॉम्प्युटरकडं पाहिलंच नाही. गर्रकन मागं वळून ते रिकाम्या मैदानाकडं पाहत राहिले.

हा आवाज कुणाचा, असं नानासाहेबांनी हसत विचारलं. रत्नमालानं मेन स्विच पाडला आणि ती आबांच्या मागं फाटकापर्यंत गेली.

"मला तुमची हाळी लई आवडायची आबा. म्हणून ठिवली."

"कव्हा घेतली?"

"मेंढ्या न्यायला टेम्पो आला त्या सकाळी. म्या खोपीतनं घेतली."

आबांनी फाटकाचा गज घट्ट धरला.

"टेम्पो बघून बुजल्या व्हत्या त्या," ते म्हणाले. "जवळ येईनात. व्यापारी म्हणला, तुमीच बोलवा. म्या हाळी दिली. माझा आवाज ऐकून सगळ्या पळत आल्या, अन् चढल्या."

खोपीच्या आतून रत्नमालाला काही दिसलं नव्हतं. आबा कळपाला निरोप देतायत असं वाटून ती रडली होती, आणि शहरात आल्यापासून रोज सकाळी तीच हाळी ऐकून खुशीत कामाला लागत होती.