करकोच्याचं तोंड दाराकडं

"पेंटर, ह्यो बगळा लेकरू घेऊन बाहीर कुठं चाललाय?"

मी दवाखान्याच्या भिंतीपाशी स्टुलावर, हातात ब्रश. विचारणाऱ्या आजी ताडकळसकडच्या. सुनेला बाळंतपणासाठी परभणीला आणलेली, कळा सुरू झालेल्या, आणि आजी लेबर रूमच्या अलीकडंच अडून बसलेल्या. मागच्या खेपेला सुनेचं बाळ दगावलं होतं. या चित्राखालून सुनेला नेणार नाही, दुसऱ्या दवाखान्यात जाऊ, असं त्यांचं म्हणणं. सून खांबाला धरून ओठ चावत उभी.

चित्र डॉक्टर मॅडमनी मोबाईलवर दाखवलं होतं. परदेशात म्हणे लेकरांना सांगतात, बाळ करकोचा आणतो, चोचीत झोळी धरून. आमच्याकडं लांब चोचीचं, पांढरं, ते सगळं बगळाच. मी आउटलाइन मारली, म्हणजे खडूनं आधी आकार काढून घेतला, आणि हुबेहूब रंगवलं. पंचवीस वर्षं भिंती रंगवतोय, पण दार कुठल्या बाजूला आहे ते बघायचं सुचलं नाही. पक्ष्याचं तोंड थेट एक्झिटकडं.

मॅडम म्हणाल्या, पक्षी फिरवा. म्हटलं, दोन दिवस लागतील.

"यांच्याकडं दोन तास नाहीत."

मग मी अक्कल चालवली. झोळी पुसतो, तिथं मासा काढतो.

आजींचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. "आमी लिंगायत. सुनेच्या डोक्यावर मासा?"

माझी बायको म्हणतेच, हे दुरुस्तीला बसले की वस्तू नवीनच आणावी लागते.

एक कळ ओसरली तशी सून पहिल्यांदा बोलली. "काडी द्या की त्याच्या चोचीत. घर बांधायलाय म्हणा."

झोळीवरून आभाळाचा निळा फिरवला, तपकिरी काडी ओढली, चोचीसमोर चार फटकाऱ्यांत घरटं काढलं. आजींनी मान तिरकी करून बघितलं.

"हां. आता घरीच चाललाय." मग सुनेला म्हणाल्या, "चल माय."

संध्याकाळी ब्रश धुत होतो तर आजी बर्फी घेऊन आल्या. मुलगी झाली होती, दोघीही ठणठणीत. बर्फी हातावर ठेवून त्या भिंतीकडंच बघत राहिल्या.

"पेंटर, घरट्यात पिल्लू कुठाय?"

पुन्हा स्टुलावर चढलो. तेव्हापासून खडू उचलण्याआधी मी दार बघतो, आणि बायांना विचारतो.