आप्पांच्या कागदावरच्या रेघा

शिरूरच्या बाजारपेठेतले चष्मेवाले आप्पा गिऱ्हाइकाला आधी अक्षरं वाचायला लावत नसत. भिंतीवर त्यांनी हाताने काढलेला कागद होता. एका बिंदूतून पंख्यासारख्या पसरलेल्या रेघा. "सगळ्या सारख्या काळ्या दिसत्यात, का एखादी पुसट हाय? लाजू नका, हितं कुणी नापास होत न्हाई."

माझी मामेबहीण सुलभाताई सणसवाडीच्या एका कारखान्यात पट्टीवरच्या बारीक रेघा वाचून पार्टची मापं तपासते. तिने पास केलेले पार्ट खराब निघाले. सोमवारपर्यंत खुलासा दे, नाहीतर घरी बस, असं साहेबांनी तिला सुनावलं. मी लगेच पत्रक लिहिलं: 'कामगारावर खोटा आरोप!' ते छापायला आम्ही दोघी निघालो, तर वाटेत ताईला चष्म्याचा ढिला स्क्रू आवळून घ्यायचा होता.

आप्पांनी तिला कागदापुढे उभं केलं.

"उभ्या काळ्या, आडव्या पुसट," ताई म्हणाली. "सगळ्यांना असंच दिसतं ना?"

"न्हाई ताई. बुबुळ चेंडूवानी सारखं गोल लागतं. तुमचं एका बाजूनं जास्त वाकलंय, चमच्याच्या पाठीवानी. मग उजेड एका जागी जमत न्हाई, रेघा फिसकटत्यात. त्याला सिलिंडरचा, म्हंजी एकाच बाजूनं वाकलेल्या काचेचा नंबर लागतो, आन् त्या काचेला दिशा असती." त्यांनी चष्मा नंबर मोजायच्या यंत्रावर धरला. "नंबर बरोबर हाय, पन काच फिरलीय. पुसता कशी?"

ताईने ओढणीत अंगठा धरून काच गरागरा पुसून दाखवली. कारखान्यात धूळ फार, दर सुट्टीत पुसायची. त्यात फ्रेम गोल. काच रोज थोडी थोडी सरकत गेली होती.

आप्पांनी काचेची दिशा नीट लावली, कडा घासल्या आणि ती फिरू नये म्हणून चौकोनी फ्रेममध्ये बसवली. ताईला कागदावरच्या सगळ्या रेघा सारख्या काळ्या दिसल्या. "म्हणजे चूक माझीच होती?"

आप्पांनी माझं पत्रक वाचलं. "पुढारीणबाई, ह्यातलं 'खोटा' काढा."

"तुम्ही मालकाच्या बाजूचे!"

"पार्ट खराब व्हते का न्हाई? मग तसं लिवा. आन् इचारा, बारीक रेघा वाचायचं काम देताना डोळे कवा तपासले?"

धुमसतच मी पत्रक बदललं. सोमवारी ताईने साहेबांसमोर दहा मापं बिनचूक वाचली. नोकरी राहिली. बाकीच्यांची डोळेतपासणी मात्र अजून झालेली नाही.

आप्पा गेल्या हिवाळ्यात गेले. पत्रक मी दर महिन्याला गेटवर वाटते. पहिली ओळ तीच आहे: 'पार्ट खराब होते, हे खरं आहे.' ती वाचून साहेबसुद्धा थांबतात आणि दुसरी वाचतात.