नोंदताईंचा दुसरा शिक्का

निसर्गप्रेमी मंडळाचं मासिक सभासदांना घरपोच येतं. नको म्हणायची सोय नाही. त्या मासिकाच्या कार्यालयात, जिन्याच्या तोंडाशी ज्या बाई बसतात, त्यांना सगळे नोंदताई म्हणतात. वाचकांची पत्रं फोडायची, क्रमांक घालायचा आणि उलट टपाली छापील कार्ड धाडायचं: ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.’ एकोणीस वर्षं हेच काम. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मीही त्या मासिकाला पत्रं लिहिते, त्यामुळे अशी सात कार्डं माझ्याकडे आहेत.

त्यांच्या खणात शिक्के दोन. एक नोंदीचा, एक दखलीचा. नोंद म्हणजे पत्र पोचलं. दखल म्हणजे संपादकांनी ते वाचलं आणि पुढच्या अंकात उत्तर छापणार. जुने संपादक दर अंकाला दोन-तीन दखली घेत. नवे आले आणि म्हणाले, “ताई, दखल मी सांगेन तेव्हाच मारायची.” त्यांनी कधी सांगितलं नाही. अकरा वर्षांत त्या शिक्क्याचं रबर सुकलं, मधोमध चीर गेली.

याच संपादकांनी ‘रानातले सवंगडी’ हे पान सुरू केलं. सभासदांची मुलं आणि जंगली प्राणी एका फोटोत. मांडीवर कोल्ह्याचं पिल्लू घेतलेलं बाळ, हरणाच्या शिंगांना रिबीन बांधणारी मुलगी. वाचक चिडून लिहीत. ‘आईपासून तोडल्याशिवाय पिल्लू मांडीवर येतं का?’ एका काकांनी लिहिलं होतं, ‘तुमचा अंक पाहून माझी पुतणी माकडाजवळ गेली. गालाला अठरा टाके पडले.’ ते पत्र नोंदताईंनी दोन दिवस टेबलावर ठेवलं आणि मग आत नेलं.

“पत्रं येतायत म्हणजे लोक वाचतायत, ताई,” संपादक म्हणाले. “उत्तर दिलं की वाद, आणि वाद झाला की पान बंद. धाडा कार्ड.”

नोंदताईंनी कार्ड धाडलं.

त्या लेक-जावयाकडे राहतात. नात सहा वर्षांची, घरात सगळे तिला ठकी म्हणतात. एका संध्याकाळी ताई दारात पाऊल टाकतात तोच लेक पुढे आली.

“आई, ओळख काय झालंय! तुमच्या संपादकांचा फोन आला होता. मी ठकीचा फोटो पाठवला होता ना, टेकडीवरचा, माकडाबरोबरचा? सवंगडीत नाही, चक्क मुखपृष्ठावर घेतायत!”

“मला नाही सांगितलंस ते.”

“तू नाट लावली असतीस. फक्त फोटो पुन्हा काढायचाय रविवारी. म्हणाले, दोघं जवळ हवीत, मध्ये कठडा नको.”

ताईंचा हात चपलेच्या पट्ट्यावरच राहिला. “कठडा नको म्हणजे?”

“म्हणजे ठकी पलीकडे उभी राहील. जागा सपाट आहे गं. आणि माकडीण नेहमीचीच, गरीब आहे.”

“तिला बाळ झालंय,” ठकी म्हणाली. “पोटाला चिकटून असतं. मी बघणारे जवळून.”

पिल्लू पोटाशी असलेली माकडीण, आणि तिच्यासमोर ही पोर, जी मांजरालाही शेपटीने उचलते. नोंदताईंनी अठरा टाक्यांची गोष्ट सांगितली.

“कधीचं पत्र हे?” लेकीने विचारलं.

“तीन महिने झाले.”

“आणि तू काय केलंस?”

ताई चपला कोपऱ्यात सरळ लावू लागल्या.

“कार्ड पाठवलंस! दुसऱ्यांची पोरं होती तेव्हा नोंद, आपली आली की दखल होय गं?”

ती थट्टेत म्हणाली होती. जावईही हसले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सभासद या नात्याने तीन ओळींचं पत्र लिहिलं, पाकिटात घालून चिकटवलं आणि टपालाच्या ढिगात सगळ्यांत खाली ठेवलं. रीत म्हणजे रीत. साडेअकराला त्याची पाळी आली, तेव्हा स्वतःचंच पाकीट कात्रीने फोडलं, क्रमांक घातला आणि दखलीचा शिक्का काढला. तीनदा दाबूनही ‘द’ आणि ‘ल’ तेवढे उमटले, मधला ‘ख’ चिरेत गेला.

“अहो, हा शिक्का जिवंत आहे अजून?” संपादकांना मौज वाटली. मग त्यांनी पत्र वाचलं. “ही तुमची नात? आधी नाही का सांगायचं! मग तर घरचंच मुखपृष्ठ.”

“साहेब, तिला पलीकडे उभं करू नका.”

“आता दुसरा फोटो कुठून आणू मी? आईवडील असतीलच की शेजारी.” त्यांनी पत्राची नीट घडी घालून परत दिली. माणूस सभ्य आहे, आवाज चढवत नाही. “याची नोंद घ्या.”

नोंदताईंनी स्वतःला कार्ड धाडलं. शनिवारी ते घरी आलं. ठकीने एकेक अक्षर लावत वाचलं आणि विचारलं, “म्हणजे काय, आजी?”

“म्हणजे पत्र पोचलं.”

“मग?”

“मग काही नाही.”

रविवारी त्याही टेकडीवर गेल्या. गुडघ्यांची कुरकुर ऐकत कठडा ओलांडला, ठकीच्या मागे बसकण मारली आणि तिच्या फ्रॉकची कॉलर मुठीत धरली.

“आई, हात दिसतोय तुमचा,” जावई कॅमेऱ्यामागून म्हणाले.

“दिसू दे.”

माकडीण आली. ठकीने बिस्कीट पुढे केलं आणि दुसरा हात पिल्लाकडे नेला. माकडिणीने दात विचकले, पंजा मारला. त्याच क्षणी ताईंनी कॉलर मागे खेचली. गळ्याशी बटण तुटलं. पंजा हवेत गेला. “एक नंबर फोटो आला!” जावई ओरडले.

अंक आला तेव्हा फोटोतून हात पुसून टाकला होता. कॉलर मात्र तशीच ताठ उभी, जणू मुलगी खुंटीला अडकवली आहे. वर्गात अशी ताणलेली कॉलर दिसली की मी मागच्या बाकावर पाहायची. म्हणून मी लिहिलं: ‘या मुलीची कॉलर मागून कुणी धरली आहे?’

कार्ड आलं. ‘नोंद’ शब्दावर काट, वर फुटका शिक्का, ‘द’ आणि ‘ल’, आणि खाली शाईने एकच अक्षर: ‘मी.’

मग मी तो जिना चढले. पत्रं फोडता फोडता त्यांनी हे सगळं सांगितलं. त्या महिन्यात तक्रारीची एक्केचाळीस पत्रं आली आणि सगळ्यांना त्यांनी दखलीचा शिक्का मारला. पुढच्या अंकात एकाचंही उत्तर छापलं नाही. शिक्का आता संपादकांच्या खणात आहे, कुलूप लावून. मुखपृष्ठ लोकांना फार आवडलं म्हणे.

“नोकरी सोडावी वाटत नाही?” मी विचारलं.

“सोडून कुठे जाऊ, बाई? मी सोडली तरी फोटो घरातूनच जाणार. इथे निदान कधी काढायचाय ते आधी कळतं.” त्यांनी पुढचं पाकीट उचललं. “आता ठकीबरोबर हरीण मागितलंय.”

“शिंगांचं?”

“शिंगांचंच.”

त्यांच्या पिशवीतून ठकीचा एक फ्रॉक डोकावत होता, सुई टोचलेला. सगळ्या फ्रॉकच्या कॉलरी त्या दुहेरी टाक्याने पुन्हा शिवत होत्या. धागा गोणपाट शिवायचा होता. ठकीला तो मानेला टोचतो, अशी लेकीची तक्रार आहे.